टाकीतले राखणदार

शारजात रोल्ला चौकाच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या घरात काचेची एक टाकी होती. साठ लिटर पाणी, तळाशी पांढरे खडे, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा फिल्टर आणि चार गोल्डफिश. केशर, टिकली, चांदणी आणि सगळ्यांत थोराड ढब्बू. टाकी सांभाळायचं काम पाचवीतल्या सोन्याकडे होतं. शाळेतून आला की दप्तर खाली ठेवायच्या आधी तो काचेला नाक लावून उभा राहायचा. मासेही त्याला ओळखत. तो दिसला की चौघंही त्या बाजूला गर्दी करत.

सोन्या फार टापटिपीचा. त्याची वही, त्याचं कपाट, त्याचे बूट, सगळं लखलखीत. फिल्टरच्या स्पंजवर साचणारा तपकिरी गाळ मात्र त्याच्या डोळ्यांत खुपायचा. मे महिन्यात गावाहून आजोबा येणार होते. आजोबांची सारी नोकरी सरकारी मत्स्यबीज केंद्रात झाली होती. रोहू, कटला, मृगळ यांची पिल्लं वाढवायची आणि शेततळ्यांसाठी लोकांना द्यायची, हे त्यांचं काम. अशा माणसाला आपली टाकी चकचकीतच दिसली पाहिजे, असं सोन्याने ठरवलं.

शारजात शुक्रवारपासून तीन दिवस सुट्टी. शुक्रवारी दुपारी आई-पप्पा जेवून आडवे झाले आणि सोन्या कामाला लागला. त्याने मासे एका टबात काढले आणि टाकी पूर्ण रिकामी केली. काच, खडे, फिल्टर सगळं भांड्यांच्या साबणाने घासलं. स्पंज तर नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. नळाचं पाणी गरम होतं, कारण मे महिन्यात गच्चीवरची टाकी उन्हाने तापलेली असते. मग त्याने ढब्बूला हातात घेतलं. अंग बुळबुळीत लागलं. ‘केवढा मळ बसलाय याच्यावर!’ असं म्हणून त्याने टिश्यू पेपर घेतला आणि ढब्बूची पाठ पुसून काढली, बोटांना खवले कोरडे लागेपर्यंत. संध्याकाळी टाकी इतकी झगझगीत दिसत होती की आईने तिचा फोटो काढून गावाला पाठवला.

सोमवारी रात्री आजोबा आले. प्रवासाने थकले होते. टाकीकडे पाहून त्यांनी एवढंच विचारलं, “पाणी कधी बदललंस रे?”

“शुक्रवारी. सगळं बदललं, आजोबा!”

“सगळं?” आजोबांनी टाकीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि ते झोपायला गेले.

सकाळी सोन्याला दिसलं की ढब्बूच्या पाठीवर राखाडी डाग पडला आहे. शेपटीत लाल रेघा उमटल्या आहेत. बाकीचे तिघे पर अंगाशी मिटून तळाशी बसले आहेत. सोन्या घाबरला. पण तो हुशार मुलगा होता. अंगावर लाल डाग म्हणजे जिवाणूंचा संसर्ग आणि जिवाणूंवर अँटिबायोटिक, हे त्याला ठाऊक होतं. इथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही, म्हणून घरोघर गावाहून आणलेल्या गोळ्यांचा एक डबा असतो. तसा याही घरात होता. सोन्याने त्यातल्या दोन कॅप्सूल उघडल्या, पूड टाकीत टाकली आणि शाळेत गेला.

दुपारी तो परतला तेव्हा पाणी दुधट झालं होतं. चारही मासे वर येऊन बुडबुड्यांपाशी तोंडं उघडत होते. आजोबा खुर्ची ओढून टाकीसमोर बसले होते.

“काय घातलंस यात?”

सोन्याने सगळं सांगितलं. साबण, गरम पाणी, टिश्यू, कॅप्सूल. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी रिकामी बाटली घेतली, टाकीतलं पाणी तिच्यात भरलं आणि म्हणाले, “चल, मासे विकत घेतलेस त्या दुकानात जाऊ.”

दुकान चालत पाच मिनिटांवर होतं. मलयाळी दुकानदाराने परीक्षानळीत पाणी घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब सोडले. “पीला रहा तो ठीक. हरा हुआ तो अमोनिया,” तो म्हणाला. नळी बघता बघता गडद हिरवी झाली. त्याने मान हलवली. “फिल्टर मर गया, बाबा.”

“फिल्टर तर चालू आहे!” सोन्या म्हणाला.

आजोबांनी त्याला जवळ घेतलं. “मोटर चालू आहे रे. पण पाणी शुद्ध करणारी मोटर नव्हे. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतात. तो साचला की कल्ले भाजतात. स्पंजवरच्या त्या तपकिरी गाळात जिवाणूंच्या वसाहती असतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि नायट्रेट माशांना फारसं बाधत नाही. तुझ्या साबणाने आणि गरम पाण्याने त्यांतले बरेच गेले. उरलेसुरले कॅप्सूलने गेले.”

दुकानदाराने आपल्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज काढला आणि एका पिशवीत पिळला. चहासारखं गढूळ पाणी निघालं. “ये डालो. दवा मत डालो,” तो म्हणाला. पैसे त्याने घेतले नाहीत. चार दिवसांपूर्वी जी घाण आपण मोरीत ओतली होती, तीच आता जपून घरी न्यायची आहे, हे सोन्याला कळलं. ती पिशवी त्याने वाटभर दोन्ही हातांनी धरली.

घरी आल्यावर आजोबांनी एकेक काम नेमाने केलं. क्लोरीन उडून जावं म्हणून सकाळीच बादल्या भरून ठेवल्या होत्या. ते पाणी आता टाकीच्या पाण्याइतकंच कोमट झालं होतं. टाकीतलं एक तृतीयांश पाणी काढून त्यांनी हे पाणी हळूहळू भरलं. एसीची थेट टाकीवर येणारी हवा त्याची पाती वळवून दुसरीकडे सोडली. दोन दिवस खाणं बंद ठेवलं. लिटरमागे दोन ग्रॅम या हिशोबाने जाडं मीठ विरघळवलं. ढब्बूला वेगळ्या टबात ठेवायचं ठरलं, तेव्हा सोन्याने हात पुढे केला.

“थांब. आधी हात ओले कर. आणि हातात धरू नकोस. भांडं पाण्यात बुडव आणि त्याला पाण्यासकट उचल. कोरडा हात लागला की त्याचं कवच तुझ्या बोटांना चिकटून येतं.”

“कवच? ते बुळबुळीत?”

“तेच. आमच्या केंद्रावर नवीन माणूस कामाला आला की त्याला पहिला धडा हाच असायचा. माशाच्या कातडीतल्या पेशी तो चिकट पदार्थ सारखा तयार करत असतात. जुना थर पाण्यात गळून जातो, नवा येतो. जिवाणू अंगाला चिकटायला जातात आणि गळणाऱ्या थराबरोबर वाहून जातात. जे तग धरतात त्यांच्यासाठी त्या थरातच शस्त्रं असतात. त्यांतलं एक म्हणजे लायसोझाइम. ते जिवाणूची भिंत फोडतं. तुझ्या डोळ्यांतल्या पाण्यातही तेच असतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते जगापुढे आणलं १९२२ साली. तोपर्यंत पेनिसिलिन कोणाला माहीतही नव्हतं. ते फ्लेमिंग यांनाच सापडलं, पण १९२८ साली.”

“म्हणजे औषध सापडायच्या आधी त्यांना हे सापडलं?”

“हो. शरीरातलं औषध आधी सापडलं, बाटलीतलं नंतर.”

सोन्या बराच वेळ टबाकडे पाहत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, “पण आजोबा, हे वाईट जिवाणू आले कुठून? मी तर सगळं धुतलं होतं.”

“कुठून येतील? ते होतेच. गोड्या पाण्यात एरोमोनास नावाचे जिवाणू जवळजवळ सगळीकडे असतात. तुझे मासे दुकानात असल्यापासून त्यांच्यातच पोहत होते. महिनोन्‌महिने काही झालं नाही, कारण राखणदार जागे होते. त्या शुक्रवारी शत्रू वाढला नाही, राखण उठली. कवच पुसलं गेलं, कल्ले भाजले, पाणी एकाएकी बदललं. अशा ताणात माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढतं आणि आतली फौजही ढिली पडते.”

त्याच रात्री ढब्बू गेला.

सकाळी टबात तो आडवा तरंगताना दिसला आणि सोन्याचा बांध फुटला. “तुम्ही औषध दिलं असतं तर तो वाचला असता! तुम्ही नुसतं पाणी बदललंत!”

आई त्याच्यावर ओरडणार होती. आजोबांनी तिला हाताने थांबवलं. “सूनबाई, विचारू दे त्याला. त्याचं विचारणं बरोबर आहे.”

संध्याकाळी ते त्याला घेऊन रोल्ला चौकातल्या बागेत गेले. याच जागी एक विशाल वड उभा होता. त्याच्या सावलीत शारजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जमत. १९७८ साली तो पडला. बागेत आता त्याच्या स्मरणार्थ शिल्प आहे आणि चौकाला त्याचंच नाव आहे. मगरिबची अजान झाली होती. हिरवळीवर कामगारांचे घोळके बसले होते, कोणी गावाकडे फोनवर बोलत होतं.

“औषध वाईट नसतं,” आजोबा म्हणाले. “तुझ्या पप्पाला लहानपणी टायफॉइड झाला होता. अँटिबायोटिकनेच तो वाचला. पण तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं, रोग ओळखला, मात्रा ठरवली आणि दिवस मोजून दिले. ढब्बूला नेमकं काय झालं होतं ते आपल्याला ठाऊक नव्हतं. किती द्यायचं ते ठाऊक नव्हतं. आणि पाण्यात विष असताना कुठलंही औषध त्याला तारू शकलं नसतं. ज्याच्या घरात धूर भरलाय त्याला आधी मोकळी हवा द्यायची असते.”

सोन्या काही बोलला नाही.

“माशाच्या अंगात काय असतं, ते सांगू?”

त्याने मान हलवली.

“कवच ओलांडून जिवाणू आत शिरला की तिथे पहिल्यांदा पोचतात भक्षक पेशी. त्या जिवाणूला गिळतात. हे काम प्रथम नीट ओळखलं मेचनिकॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ साली सिसिलीत, समुद्रकाठच्या मेसिना गावात, त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहिलं तर पेशींनी काट्यांना घेरा घातला होता. १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्या रक्तपेशी हाडांतल्या मज्जेत तयार होतात. माशाच्या हाडांत तशी मज्जा नसते. त्याच्या पेशी घडतात मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात. जागा वेगळी, काम तेच.”

“आणि ते हरले तर?”

“मग शिकलेले सैनिक येतात. जिवाणूची ओळख पटवून नेमकी त्याच्यावर बसणारी प्रतिद्रव्यं तयार होतात, रक्तातही आणि कवचातही. तुमच्या इमारतीचा राखणदार, तो नातूर, बघ. एकदा कोणी चोरटा आला की त्याचा चेहरा तो विसरत नाही. दुसऱ्यांदा आला तर दारातच अडवतो. पण पहिल्या वेळी ओळख पटायला वेळ लागतो. माशाला तर आठवडे लागतात. पाणी थंड असेल तर आणखी उशीर, कारण माशाचं अंग पाण्याइतकंच थंड किंवा गरम असतं. म्हणून मी एसीचा झोत वळवला. १९७७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तोही गोल्डफिशवरच. जिवाणू टोचलेले मासे आपण होऊन अधिक उबदार पाण्यात जाऊन राहत होते, आणि तसे राहू दिलेले मासे जास्त वाचले. अंगात ताप आणता येत नाही, म्हणून ते तापाकडे चालत जातात.”

“आणि मीठ कशाला?”

“गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. कातडी फाटली की बाहेरचं पाणी आत झिरपतं आणि ते सारखं उपसत बसावं लागतं. थोडं मीठ घातलं की ते कष्ट कमी होतात. वाचलेली ताकद जखम भरायला लागते. कळलं का सोन्या? आपण माशाला बरं करत नाही. बरा तो स्वतः होतो. आपण त्याच्या वाटेतले दगड उचलायचे.”

मग आजोबांनी नॉर्वेची गोष्ट सांगितली. वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत प्रशिक्षणाला गेले असताना ती त्यांनी ऐकली होती. नॉर्वेत समुद्रातल्या पिंजऱ्यांत सॅमन वाढवतात. मासे आजारी पडले की खाद्यातून अँटिबायोटिक द्यायचे. १९८७ साली ते जवळपास ५० टनांवर गेलं. मग जिवाणूंवरच्या लशी आल्या. माशांच्या पिल्लांना एकेक करून टोचायच्या. दहाएक वर्षांत औषधाचा वापर टनभराच्या आसपास आला, आणि सॅमनचं उत्पादन मात्र कितीतरी पटींनी वाढलं होतं. “बाहेरून औषध ओतण्यापेक्षा त्यांनी आतल्या राखणदाराला शिकवलं,” आजोबा म्हणाले.

त्यानंतरचे दिवस सोन्याला फार जड गेले. करण्यासारखं थोडंच होतं आणि थांबायचं फार होतं. रोज थोडं मुरवलेलं पाणी बदलायचं. दोन दिवसांनी मासे खायला लागले, तेव्हा चिमूटभर दाणे द्यायचे. एक दिवसाआड बाटली घेऊन दुकानात जायचं. नळी आधी हिरवी, मग पोपटी. मध्येच चांदणीचा पर झडला आणि सोन्याचा हात दोनदा औषधाच्या डब्याकडे गेला. दोन्ही वेळा त्याने तो मागे घेतला. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी दुकानदाराने नळी दिव्यासमोर धरली. पिवळी. केशर आणि टिकलीच्या शेपटीतल्या लाल रेघा पुसल्या होत्या. चांदणीच्या परालाही नवी पारदर्शक कड फुटली होती.

जूनच्या शेवटी आजोबा परतणार होते. जायच्या आदल्या दिवशी टिकली प्लास्टिकच्या झाडात अडकली आणि सुटताना तिचं अंग खरचटलं. दोन खवले गेले, आतलं लालसर मांस दिसायला लागलं. आईने पाहिलं आणि ती धावत औषधाचा डबा घेऊन आली.

“आई, थांब,” सोन्या म्हणाला. आधी त्याने ते प्लास्टिकचं झाड बाहेर काढलं. मग घरी आणून ठेवलेल्या थेंबांनी पाणी तपासलं. पिवळं. पाण्यात बोट बुडवून ते थंड पडलं नाही ना, हे पाहिलं. मुरवलेलं पाणी घालून चौथा हिस्सा बदलला, मीठ मोजून टाकलं. “माशाच्या कातडीच्या पेशी आजूबाजूने सरकत येतात आणि जखम काही तासांतच झाकायला लागतात. आजोबांनी सांगितलंय. उद्या सकाळी बघू. लाली पसरली किंवा तिने खाणं सोडलं, तर मात्र थांबायचं नाही. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचं आणि ते देतील तेवढंच औषध द्यायचं.”

“आणि पसरली नाही तर?” आईने विचारलं.

“तर आपण काही करायचं नाही. ती करतेय.”

सकाळी जखमेवर पातळ, धुरकट पापुद्रा आला होता. आठवडाभराने आजोबांना गावी फोटो गेला, तेव्हा जखम नेमकी कुठे होती ते त्यांना शोधावं लागलं. फोटोखाली सोन्याने लिहिलं होतं, “औषध घातलं नाही. स्पंज टाकीच्याच पाण्यात हलकेच धुतला. हात ओले होते.”

तात्पर्य: प्रत्येक जिवाला त्याचे राखणदार जन्मासोबतच मिळालेले असतात. ते गाजावाजा करत नाहीत, म्हणून घाईत आपण त्यांनाच मळ समजून पुसून टाकतो आणि मग त्यांची जागा औषधाने भरायला धावतो. ज्याच्यावर माया करायची त्याची राखण आधी ओळखावी, ती शाबूत राहील असं पाणी, ऊब आणि निवांतपणा त्याला द्यावा. औषधाचा हात धरावा, पण जाणत्याला विचारून आणि गरज असेल तेव्हाच. माशांचं असो की माणसांचं, जपणं म्हणजे हेच.